तुरुंगाची भाकर, गिरणीची भाकर

माझा पणजा मुंबईच्या एका गिरणीत रिंगखात्यात होता. मी आज सूतगिरणीत रिंगफ्रेमवरच उभा असतो. मधे शंभर वर्षं गेली. या शंभर वर्षांत आपल्या पोटाची मोजणी बऱ्याच शहाण्या माणसांनी केली. ती कशी केली हे आपल्याला ठाऊक पाहिजे. कारण किमान पगाराचा आकडा त्या मोजणीतनंच निघतो.

पहिलं माप तुरुंगाचं. १८७६ साली दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी २० रुपये काढलं आणि ते कैद्याच्या खर्चापुढं ठेवलं. कैद्याचा खर्च जास्त भरला. म्हणजे चोराचं पोट भरलेलं, नांगर धरणारा उपाशी.

१९२१ साली मुंबई सरकारनं लेबर ऑफिस काढलं. त्यानं कामगारांच्या घराघरांतला जमाखर्च उतरवून घेतला, १९२३ साली अहवाल छापला. शंभरातली ९७ कुटुंबं एकाच खोलीत. आणि धान्य? दुष्काळी नियमांत जास्तीत जास्त जेवढं बसतं तेवढं, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्यापेक्षा कमी. हे साहेबाच्या सरकारनंच लिहिलं. दोनच वर्षांनी, १९२५ साली, मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात लावली! कामगार संपावर गेले, तेव्हा ती मागं गेली. अहवालानं नाही गेली.

पण त्या मोजणीत आमची एक गोष्ट सरासरीखाली दडपली. पगार बरा होता साचेखात्यात. तिथं कांडी बदलताना धोट्याच्या भोकातनं धागा तोंडानं ओढावा लागे. आमच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? म्हणून ते दार आम्हाला बंद. बावट्याखाली सगळे भाऊ, धोट्यापाशी मात्र जात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला, तेव्हा कुठं नाइलाजानं ती मागणी यादीत आली. पणजा रिंगखात्यातच म्हातारा झाला. कुठल्या तक्त्यात त्याचं कारण लिहिलंय?

बाबासाहेब स्वतः अभ्यासक. १९१८ साली त्यांनी शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला. पण ते निबंधावर थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचं बिल त्यांनीच १९४६ साली मांडलं, १९४८ साली कायदा झाला. शेतमजूरसुद्धा त्यात आला.

कायदा झाला, पण किमान म्हणजे किती? १९५७ साली भारतीय श्रम परिषदेनं डॉ. अ‍ॅक्रॉइड यांचं आहारशास्त्र धरून सूत्र ठरवलं. माणशी २७०० कॅलरी. वर्षाला माणशी १८ वार, म्हणजे चौघांना ७२ वार कापड. घरभाडं. सरपण, दिवाबत्ती नि किरकोळीला वीस टक्के. आणि कुटुंब? नवरा, बायको, दोन पोरं. तोंडं चार, पण मापानं तीनच. म्हातारी आई कुठं गेली? मापात नाही. पोराची वही, बाईचं आजारपण? त्याला १९९१ साल उजाडावं लागलं. तेव्हा सुप्रीम कोर्टानं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांच्यासाठी आणखी पंचवीस टक्के धरा म्हणून सांगितलं. म्हणजे ३४ वर्षं सरकारी मापातला कामगार आजारी पडत नव्हता, म्हातारा होत नव्हता. २०१९ च्या वेतन संहितेत बाबासाहेबांनी मांडलेला तो कायदा मिळवून टाकला.

दोस्तहो, संशोधन वाईट असं मी म्हणत नाही. ते आकडे नसते तर पणज्याची भूक कुणाला कळली नसती. पण माप घेणारा एक आणि उपाशी दुसरा, असं चाललं की जात सुटते, म्हातारी सुटते. धोट्याचा प्रश्न विचारायला ज्यानं तो चटका सोसला तोच माणूस लागला.

म्हणून एक काम सांगतो. आपापल्या घरचा एका महिन्याचा खर्च लिहून काढा. मीठ-मिरचीपासून सावकाराच्या व्याजापर्यंत. जेवणारी तोंडं खरी तेवढी लिहा. कोणतं काम जातीमुळं मिळालं नाही तेही लिहा. पुढच्या अंकासाठी पाठवा.

माझ्या घरची यादी तयार आहे. त्यात पहिलं नाव आईचं आहे.