अनोळखी सर्टिफिकेट आणि जामीनदारांचा इतिहास

फाइली पाठवण्याच्या फाइलझिलासारख्या सॉफ्टवेअरमधून नव्या सर्व्हरशी जोडणी करताना कधी कधी 'अनोळखी सर्टिफिकेट' अशी चौकट समोर येते. बहुतेक वेळा ते सर्टिफिकेट सर्व्हरने स्वतःच बनवून त्यावर स्वतःच सही केलेली असते. त्याच्या ओळखीला विश्वासातले दुसरे कोणी जामीन राहिलेले नाही, एवढेच ती चौकट सांगते.

अशा जोडणीमागच्या एफटीपी या फाइली पाठवण्याच्या रीतीची पहिली मांडणी आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये केली. इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवर तेव्हा मोजकेच संगणक होते, त्यामुळे पासवर्डही उघडाच जाई. नेटस्केपने १९९५ मध्ये जोडणीवरचा मजकूर झाकणारे एसएसएल आणले आणि २००५ मध्ये एफटीपीवर त्याच्या पुढच्या रूपाचे, म्हणजे टीएलएसचे, कुलूप घालण्याची रीत ठरली. मजकूर झाकला गेला. पलीकडे नेमके कोण आहे, हा प्रश्न मात्र आता सर्टिफिकेटवर येऊन पडला.

नवी मुंबईतल्या नेरूळ परिसरात हा प्रश्न रोजच्या कामाचा होण्यामागे बंदर आहे. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, १९९३ मध्ये लोकल नेरूळपर्यंत आली आणि मालवाहतूक व सीमाशुल्काची कामे करणाऱ्या कचेऱ्या नवी मुंबईत वाढल्या. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग यांच्या फाइली पाठवणे हे त्यांचे नित्याचे काम. अशा फाइली चुकीच्या सर्व्हरवर गेल्या, तर ग्राहकाचा दर आणि मालाचा तपशील परक्याच्या हाती पडतो.

जामीनदार नेमण्याची भारतातली व्यवस्था माहिती तंत्रज्ञान कायद्याने उभी केली. १७ ऑक्टोबर २००० रोजी तो अमलात आला आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर नियंत्रक नेमला गेला. साखळीच्या मुळाशी नियंत्रकाचे सर्टिफिकेट, त्याखाली परवानाधारक संस्था. जुलै २०१४ मध्ये या साखळीलाच तडा गेला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अखत्यारीतून गुगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे गुगलच्या लक्षात आले. नियंत्रकाने त्या केंद्राची मधली सर्टिफिकेटे रद्द केली आणि क्रोमने भारतीय मुळावरचा विश्वास ठरावीक डोमेनपुरता मर्यादित केला. विंडोज ते मूळ मानत होते, फायरफॉक्स मानत नव्हते. म्हणून धोका सर्वांना सारखा नव्हता. मान्यताप्राप्त सहीसुद्धा आंधळेपणाने स्वीकारण्याजोगी नसते, हे या प्रकरणाने भारतीय वापरकर्त्यांना जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दाखवले नसेल.

डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एनक्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने सर्वांना मोफत सर्टिफिकेटे द्यायला सुरुवात केली. तरी स्वतःची सही संपली नाही. कचेरीतल्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्याला कोणतीही सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाही, आणि फाइलझिला सर्व्हर तर बसवतानाच स्वतःच्या सहीचे सर्टिफिकेट तयार करतो.

म्हणून चौकट दिसताच 'ओके' दाबणे हा उपाय नव्हे. तिच्यातले फिंगरप्रिंट, म्हणजे त्या सर्टिफिकेटची ओळख सांगणारी अंक-अक्षरांची ओळ, सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोनवर वाचून दाखवून ताळा करावा. त्याच जोडणीवरून आलेल्या मजकुरावर विसंबू नये, कारण मधे कोणी बसला असेल तर तो मजकूरही त्याचाच असेल. ताळा जमला तरच 'या सर्टिफिकेटवर नेहमी विश्वास ठेवा' ही खूण करावी. वापरणारे अनेक असतील, तर कचेरीने स्वतःचे मूळ सर्टिफिकेट बनवून प्रत्येक संगणकात बसवणे अधिक सोयीचे. ताळा जमूनही इशारा राहिला, तर सर्टिफिकेटवरचे नाव जोडणीच्या पत्त्याशी जुळते का, मुदत संपली आहे का आणि संगणकाचे घड्याळ बरोबर आहे का, हे पाहावे.

खूण केलेल्या सर्व्हरने पुन्हा इशारा दिला, तर सर्टिफिकेट नव्याने बनवले गेले असेल किंवा मधे खरोखरच कोणी शिरले असेल. चौकट दोन्ही वेळा सारखीच दिसते, त्यामुळे तेव्हाही फोन करून फिंगरप्रिंट नव्याने ताडून पाहावे लागते.