सध्या काय वाचतेस?

भगिनींनो, मराठी मुलखात सार्वजनिक वाचनालये सुरू झाली त्याला आता दोनशे वर्षे होत आली. रत्नागिरीचे १८२८ साली निघाले, नाशिकचे १८४० साली, पुण्याचे १८४८ साली. त्या काळी तिथे जाऊन बसणारी मंडळी म्हणजे साहेब लोक, सरदार, वकील, कचेरीतले कारकून. वर्गणी भरायची, वर्तमानपत्र चाळायचे, पुस्तक घरी न्यायचे. काम चांगलेच होते, नाही कोण म्हणतो? पण चौदा-पंधरा वर्षांची एखादी मुलगी तिथे येईल, कपाटापुढे उभी राहील आणि कोणी वडीलधारे माणूस तिला विचारील की, "बाळ, सध्या काय वाचतेस?" हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. हा साधा प्रश्न विचारायला आपल्याकडे फार उशीर लागला. तो कोणी कोणी विचारला, त्याची हकिकत मला सांगायची आहे.

सांगण्याला कारणही आहे. आपल्या मंडळाच्या वाचनालयात गेली दोन वर्षे दर शनिवारी संध्याकाळी पेठेतली मोठी मुले-मुली जमतात, सातवीपासून बारावीपर्यंतची. ग्रंथपालबाई त्यांच्यात सतरंजीवर बसतात आणि जो तो आपण काय वाचीत आहोत ते सांगतो. बाईसुद्धा आपले सांगतात. व्याख्यान नाही, परीक्षा नाही, बक्षीस नाही. आता येत्या वार्षिक सभेपुढे दोन सूचना आल्या आहेत. पहिली अशी, की मुलांनी कोणती पुस्तके वाचावी याची यादी मंडळाने करावी आणि बाकीच्या कपाटांना कुलूप घालावे. दुसरी अशी, की आठवीच्या पुढच्या मुलींनी मुलांबरोबर बसू नये, पुस्तक घेऊन घरी जावे. सूचना करणाऱ्या भगिनी माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नाही. तरीपण सभेत हात वर करण्यापूर्वी मागचे थोडे आठवावे असे मला वाटते. मी सातवी शिकलेली बाई, इतिहास लिहिणे हे काही माझे काम नव्हे. जे लिहिते आहे ते याच वाचनालयातल्या पुस्तकांतून वेचलेले आहे.

सन १८५५. 'ज्ञानोदय' पत्रात फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, वय वर्षे चौदा, मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली. विषय मांग-महारांचे दुःख. ज्यांना धर्मग्रंथाला हात लावण्याचीही मनाई, त्यांच्यातल्या एका पोरीने ती मनाई करणाऱ्यांनाच जाब विचारला. तिच्याविषयी आणखी एक आठवण सांगतात. शाळेच्या समारंभात तिला खाऊ देऊ लागले, तेव्हा खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या, असे ती म्हणाली. मला नेहमी वाटते, त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांनी मुलींसाठी वाचनाची आणि लिहिण्याची यादी केली असती, तर "आमचे दुःख" हा विषय त्यांनी त्या यादीत घातला असता काय?

पुढे अठरा वर्षांनी, १८७३ साली, अकरा वर्षांच्या रमाबाई लग्न होऊन न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या. लिहितावाचता येत नव्हते. माधवरावांनी पाटी हातात दिली, स्वतः शिकवले. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले. घरातल्या मोठ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, सगळे झाले. रमाबाईंनी १९१० साली छापलेल्या आपल्या आठवणींत ते आले आहे, आणि कोणाविषयी कडवटपणा न धरता आले आहे. वाचणाऱ्या मुलीला घरात अडवणाऱ्या तिथे बायकाच होत्या. महिला मंडळाच्या स्मरणिकेत हे लिहिताना लेखणी जरा अडखळते, पण खरे ते खरे.

मुलांसाठी मासिकेही निघू लागली. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' १८८१ सालचे, वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ सालचे. अगदी अलीकडचे म्हणजे 'किशोर', ते १९७१ साली निघाले आणि आपल्यातल्या पुष्कळ जणींनी लहानपणी वाचले असेल. मासिकांनी मुलांना खूप दिले. पण मासिक बोलते, ऐकून घेत नाही.

ऐकून घेण्याची जागा हवी हे राज्यकारभारात पहिल्यांदा उमगले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना. ते मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसले तेव्हा वय बारा आणि शिक्षण जवळजवळ काहीच नाही. ज्या वयात मुले चौथी-पाचवी पार करतात त्या वयात हा राजा मुळाक्षरे गिरवीत होता. म्हणूनच की काय, १९०६ साली त्यांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. वाचायला शिकवायचे आणि पुस्तक द्यायचे नाही, म्हणजे चूल पेटवायची आणि तवा ठेवायचाच नाही. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आणले. बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय झाले, गावोगावी वाचनालये झाली आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. बडोद्याच्या ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. शंभर वर्षांमागे! आज आपल्या जिल्ह्यातल्या किती गावांत मुलांना बसायला धड चटई आहे, याचा हिशोब ज्याने त्याने मनाशी करावा.

आता अमळनेर. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते आपल्या शनिवारच्या बैठकीचे खरे कूळ तिथे आहे.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. छात्रालय म्हणजे मुलांचे वसतिगृह. मुले खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून दूर, वयाने बारा ते सतरा-अठरा. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, आजाऱ्याजवळ बसत, हे आपण ऐकलेले असते. पण त्यांनी आणखी एक काम केले. 'छात्रालय' नावाचे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक म्हणजे ती वसतिगृहातली पोरे. गुरुजी जे वाचीत, जगात जे घडे, थोर माणसांची जी चरित्रे त्यांच्या हाती पडत, ते सारे मुलांना कळेल अशा भाषेत त्यात उतरे. दिवसभर शिकवून झाल्यावर हे काम! पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले. १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात गेले आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. ते पुस्तक घरोघर पोचले. त्यातही एक आश्रम आहे, मुले भोवती बसली आहेत आणि मोठा माणूस रात्री आपल्या मनातले त्यांच्यापुढे मांडतो आहे. ही बैठक त्यांना सुचली ती छात्रालयातूनच, असे मी समजते. त्या दैनिकात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की मुलांना "वाचा" असे सांगणारा माणूस स्वतः रोज काय वाचतो ते मुलांना दिसत होते.

त्याच सुमारास मद्रासकडे रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम छापले, ते जगभर गेले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असा त्यातल्या दोहोंचा आशय आहे. कपाटे उघडी ठेवा, वाचकाला आपल्या हाताने पुस्तक काढू द्या, असा त्यांचा आग्रह होता. ज्या देशात असा माणूस होऊन गेला तिथे आपण नवे कुलूप विकत आणायचे म्हणजे कमालच आहे. परदेशातही काही निराळे घडले नाही. न्यूयॉर्कला मार्गारेट स्कॉगिन नावाच्या ग्रंथपालबाई होत्या. त्यांनी १९४० नंतरच्या काळात चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना पुस्तकांवर स्वतःचे मत लिहायला लावले, रेडिओवर बोलायला बसवले. मुलांना एखादे पुस्तक आवडले नाही तर तसे सांगायची त्यांना मोकळीक होती.

आपल्या बार्शीला पुस्तके येऊ लागली ती धान्याच्या आणि कापसाच्या वाटेनेच. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी धावू लागली, मग १९०६ साली ती पंढरपुरास आणि १९११ साली लातुरास भिडली. पुण्या-मुंबईचा टपाल-माल त्यामुळे लवकर पोचू लागला. गिरण्या आल्या, गिरणीतले कामगार आले, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली. १९३४ साली कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले आणि खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला बार्शीत शिकण्याची सोय झाली. १९६७ साली महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा झाला, वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळू लागले. अनुदानासाठी पुस्तके मोजतात, सभासद मोजतात. शनिवारच्या गप्पा कोणत्या रकान्यात लिहायच्या, हे मात्र अजून कोणी ठरवलेले नाही.

म्हणून ग्रंथपालबाईंनी एक वेगळी वही ठेवली आहे. नाव, पुस्तक, कितवे पान, आणि थांबला असाल तर का थांबलात. ती वही मी चाळली. नववीतला एक मुलगा 'फास्टर फेणे' तिसऱ्यांदा वाचतो आहे आणि पुढचे पुस्तक नको म्हणतो. एकजण मोबाइलवर भुताच्या गोष्टी वाचतो, तेही बाईंनी लिहून घेतले आहे. दहावीतली मुलगी 'मृत्युंजय' घेऊन गेली, अर्ध्यावर परीक्षा आली, पण पुस्तक परत करायला तयार नाही. एका मुलीने तर लिहिले आहे की 'श्यामची आई' मधला श्याम फार रडतो. कोणी तिला रागावले नाही. बाईंनी विचारले, पहिल्यांदा कुठे रडतो? मग सगळ्यांनी मिळून तो भाग काढून वाचला आणि अर्धा तास वाद चालला. आणि बाईंच्या नावापुढे लिहिले आहे: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', पान एकशे दहा, घरी पाहुणे आल्यामुळे थांबले. मोठ्या माणसाचेही वाचन अडते हे पोरांना त्या वहीतून कळते.

आता जे प्रकरण सूचनेपर्यंत गेले ते सांगते. आपल्यापैकी पुष्कळ जणींना ते ठाऊक आहेच, नावाची जरुरी नाही. पंधरा वर्षांच्या एका मुलीने दया पवारांचे 'बलुतं' नेले. हे पुस्तक १९७८ साली छापलेले, महाराष्ट्रात गाजलेले. चार दिवसांनी तिने आपल्या आजीला विचारले, आपल्या जुन्या वाड्यात ओंजळीत वरून पाणी कोणाला वाढीत? घरात मोठा गहजब झाला. आजी दोन दिवस नातीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नातीला जवळ बसवले आणि कोण येत असे, कुठे उभे राहत असे, भांडे कुठे ठेवीत, ते सगळे सांगितले. शनिवारी मुलीने ते बैठकीत सांगितले. तिथे ज्यांच्या पणज्या त्या अंगणाबाहेर उभ्या राहत असतील अशीही मुले होती. त्यांतल्या एकाने आपल्या आजोबांकडून ऐकलेले सांगितले. दोघांनी एकमेकांना दोष दिला नाही, एवढे मी स्वतः पाहिले आहे, कारण त्या दिवशी चहाची पाळी माझी होती.

कुलुपाची सूचना आली ती त्याच्या पुढच्या आठवड्यात. त्यांची काळजी मी समजू शकते. घरातली गोष्ट चार लोकांत गेली की जीव कासावीस होतो, विशेषतः लेकीसुनांच्या घरात. पण मुलगी मुलांबरोबर बसली म्हणून हे झाले, असे म्हणता येणार नाही. घरी पुस्तक नेऊनच तिने आजीला विचारले. दुसऱ्या सूचनेप्रमाणे ती घरीच बसली असती तर प्रश्न तोच राहिला असता, फक्त तो ऐकायला कोणी उरले नसते. आणि यादीचे म्हणाल, तर ती करायला बसणाऱ्या आपण सात जणी. आपल्यापैकी किती जणींनी ती पुस्तके वाचली आहेत? मी स्वतः 'बलुतं' गेल्या महिन्यात घेतले, वहीत माझे नाव आहे, पान त्र्याऐंशी.

सभा रविवारी दुपारी चार वाजता आहे. वही अध्यक्षांच्या टेबलावर ठेवण्याची परवानगी मी घेतली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी अर्धा तास आधी यावे, आणि येताना आपण सध्या काय वाचतो तेही लिहिण्याच्या तयारीने यावे. पेन तिथे बांधलेले आहे.