विजय झोल : जालन्याचा १९ वर्षांखालील कर्णधार

विजय झोल हा महाराष्ट्राकडून खेळलेला डावखुरा फलंदाज. त्याचा जन्म २३ नोव्हेंबर १९९४ रोजी जालना येथे झाला. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता.

जालना ओळखला जातो तो स्टील, बियाणे आणि मोसंबीसाठी. क्रिकेटमध्ये हा जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतो आणि या संघटनेचा कारभार पुण्यातून चालतो. मुंबई आणि विदर्भाच्या संघटना वेगळ्या आहेत. म्हणजे जालन्याच्या मुलाला राज्याच्या संघात यायचे, तर पुण्याच्या निवड समितीच्या नजरेत भरावेच लागते. झोल भरला तो एका आकड्याने. २०११-१२ च्या हंगामात कूचबिहार करंडकात, म्हणजे १९ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. या वयोगटात द्विशतकही मोठे मानतात. हे तर त्याच्या दुपटीहून अधिक!

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात विश्वचषक जिंकणाऱ्या भारताच्या १९ वर्षांखालील संघात तो होता. पुढच्या वर्षी कर्णधारपद आले आणि ऑस्ट्रेलियातच तिरंगी मालिका जिंकली. नोव्हेंबर २०१३ मध्ये रणजी पदार्पणात त्याने त्रिपुराविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. जानेवारी २०१४ मध्ये शारजात आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध झोल आणि संजू सॅमसन दोघांनीही शतके ठोकली. चषक भारताचा.

फेब्रुवारी २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील विश्वचषक सुरू होण्याच्या आदल्या दोन दिवसांत आयपीएलचा लिलाव झाला. रॉयल चॅलेंजर्स बंगळूरुने झोलला ३० लाख रुपयांना घेतले. एकोणिसाव्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला, आणि लगेच देशाचा संघ घेऊन मैदानात उतरला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने भारताला हरवले. भारत पाचवा आला.

त्या संघातले सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान, दीपक हुडा, आवेश खान पुढे भारताकडून खेळले. कर्णधाराला मात्र ती संधी मिळाली नाही. बंगळूरुकडूनही त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. या वयोगटाचे कर्णधारपद म्हणजे वरिष्ठ संघाचे तिकीट नव्हे. २००८ चा कर्णधार विराट कोहली कुठे पोहोचला हे सर्वांना माहीत आहे. २०१२ चा विजेता कर्णधार उन्मुक्त चंद मात्र भारताकडून कधीच खेळला नाही आणि पुढे अमेरिकेत गेला.