बोगनवेलीला नुसती पानंच येतायत? आधी पाणी कमी करा

नर्सरीतून आणली तेव्हा बोगनवेल गुलाबी रंगाने लगडलेली होती. घरी आल्यावर ती हिरवीगार झाली, हातभर लांब फांद्या फुटल्या, पण फुलाचा पत्ता नाही. मग आणखी खत, आणखी पाणी. सोलापुरात तर नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यातलं मगभर पाणी रोज कुंडीत जातं. फुलं न येण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

यामागचं तत्त्व सोलापूरच्या शेतकऱ्यांना नवीन नाही. जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत, सोलापूर डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही शहराजवळ केगावला आहे. डाळिंबाचा बहार धरायचा असेल तर बागेचं पाणी तोडतात. याला ‘ताण देणं’ म्हणतात. ताण बसला की झाडाची नवी वाढ थांबते, पानं गळतात आणि फांद्यांमध्ये अन्नाचा साठा होतो. मग छाटणी करून, खत घालून पाणी सुरू केलं की झाड फुलांनी भरतं. बोगनवेलीचंही साधारण असंच आहे. फक्त तिची पानं गळेपर्यंत थांबायची गरज नाही.

आपण जिला फूल म्हणतो, ती रंगीत कागदासारखी पाकळी खरं तर पानाचंच रूप आहे. अशा तीन रंगीत पानांच्या मधोमध जी बारीक, बहुधा पांढरट नळी दिसते, ते खरं फूल. म्हणूनच हा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. हे झुडूप मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. 1767 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सां यांना ते ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या परिसरात दिसलं आणि जहाजाच्या मोहिमेचे प्रमुख बूगेनव्हिल यांचं नाव त्याला मिळालं. त्या मोहिमेत कोमेर्सां यांची सहायक झान बारे पुरुषाच्या वेशात होती. जगप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. बोगनवेल हा शब्द मात्र इतका मराठी झालाय की त्यात कुणा फ्रेंच माणसाचं नाव असेल, असं वाटतही नाही.

आता लागवडीकडे. पहिली अट उन्हाची. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीतल्या बाल्कनीत बोगनवेल जगते, फुलत नाही. दुसरी अट मातीची. सोलापूरकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे नुसती काळी माती कुंडीत भरली तर मुळं कुजतात आणि ताणही बसत नाही. माती, बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात मिसळा. कुंडी फार मोठी घेऊ नका, मुळं थोडी दाटीत असली की फुलं चांगली येतात. रोप लावताना पिशवी ब्लेडने कापून काढा आणि मातीचा गोळा फुटू देऊ नका. हिची मुळं नाजूक असतात, नवीन रोपं सर्वांत जास्त इथेच दगावतात.

पाण्याचं वेळापत्रक घड्याळावर ठरवू नका. कुंडीतल्या मातीत बोट घाला. दोन इंचांपर्यंत कोरडी लागली आणि कोवळे शेंडे जरा मान टाकायला लागले की तळातून निथळेपर्यंत भरपूर पाणी द्या. मग पुन्हा तसं होईपर्यंत थांबा. हिवाळ्यात यात आठवडाही जाऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर मात्र गच्चीवरची कुंडी एक-दोन दिवसांत सुकते. तेव्हा हट्टाने ताण देऊ नका, आलेली फुलंही गळतील. जमिनीत लावलेल्या, मुरलेल्या वेलीला एवढी काळजी लागत नाही. महामार्गांच्या दुभाजकांत ती दिसते, ती उगाच नाही.

फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे एक बहर संपला की फांद्या तिसरा हिस्सा कापा. पावसाळ्यात नुसती पानं वाढली तर घाबरू नका. पाऊस ओसरल्यावर छाटणी करून पाणी आवरलं की हिवाळ्यापासून रंग दिसायला लागतो. युरियासारखं नत्रयुक्त खत टाळा, त्याने पानंच वाढतात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी होतं, तिथे चिलेटेड लोह द्यावं.

नवं रोप फुकटातही होतं. पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीचा वीतभर तुकडा पावसाळ्याच्या सुरुवातीला वाळूमिश्रित मातीत खोचा. सगळे तुकडे जगत नाहीत, म्हणून पाच-सहा लावा. पहिलं वर्षभर या रोपांना ताण द्यायचा नाही, आधी मुळं धरू द्यायची. आणि छाटणी करताना जाड हातमोजे घाला, पानांआड दडलेले काटे बोटात खोलवर जातात.