मुंबई रक्तगट व रक्तक्लथन

मुंबई रक्तगट व रक्तक्लथन : रक्तगट ठरविणारा एच् पदार्थ आणि रक्तक्लथनास (रक्त साखळण्यास) साहाय्यभूत असलेले फोन विलेब्रांट प्रथिन यांच्या संबंधाचा इतिहास. त्याचा पहिला दुवा मुंबईत सापडला. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात असे रक्त वर्णिले की, ज्याच्या तांबड्या कोशिकांवर ए व बी प्रतिजन नव्हतेच. शिवाय ओ गटात विपुल असणारा एच् पदार्थही नव्हता. (शहराचे नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे बदलले, वैद्यकात मात्र ‘बाँबे’ हेच रूढ राहिले.) नेहमीच्या चाचणीत असे रक्त ओ गटाचे भासते; परंतु त्यातील एच्-विरोधी प्रतिपिंडे ओ गटाच्या कोशिकाही नष्ट करतात. म्हणून ‘सर्वदाता’ समजले जाणारे ओ रक्त या रुग्णास घातक ठरू शकते. भारतात हा गट सु. १०,००० जणांत एकात आढळत असल्याने दाता वेळेवर मिळणे हीच खरी अडचण असते.

फोन विलेब्रांट प्रथिनाचा शोध स्वतंत्रपणे लागला. फिनलंडमधील एरिक फोन विलेब्रांट यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावी विकार वर्णिला. या विकारात उणे असणारे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तर कोशिकांत तयार होते, हे ई. ए. जॅफे व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये नाळेतील नीलेच्या कोशिका प्रयोगशाळेत वाढवून दाखविले. वाहिनीस इजा झाली की, ते उघड्या पडलेल्या कोलॅजनास चिकटते व बिंबाणूंवरील ग्राहींना धरून ठेवते. रक्तक्लथनाचा आठवा घटकही तेच वाहून नेते.

या प्रथिनाला जोडलेल्या शर्करांवरही ए, बी व एच् प्रतिजन असतात. ओ गटात त्याची सरासरी पातळी इतर गटांपेक्षा सु. पाव हिश्शाने कमी असते. मुंबई गटात ती त्याहूनही कमी असून एडीएएमटीएस-१३ हे एंझाइम तेथे प्रथिनाचे अधिक त्वरेने तुकडे करते, असे जे. एस. ओडॉनेल व सहकाऱ्यांना २००५ मध्ये आढळले. सबब मुंबई गटाच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना केवळ रक्ताची जुळणी पाहणे अपुरे आहे. रक्तक्लथनाचीही चाचणी करणे इष्ट. यकृतातील सूक्ष्म वाहिन्यांच्या अंतःस्तर कोशिकांवरील स्टॅबिलीन-२ व क्लेक-४एम हे ग्राही हेच प्रथिन रक्तातून काढून घेतात. म्हणजे वाहिनीचे अस्तर प्रथिन पुरविते, तसेच ते परतही घेते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था विकसित झाली. दुर्मिळ गटांच्या दात्यांची नोंदसूची करण्याचे कामही या संस्थेने हाती घेतले.