घडीच्या सायकलला मोटर बसेल का?

आजचा विषय थेट माझ्या गॅलरीतून आलाय.

गेल्या महिन्यात मी माझी घडीची सायकल विकायला काढली. वीस इंची चाकं, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, किंमत नऊ हजार. रविवारी एक मुलगा बघायला आला. घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवतो. घडी उलगडायच्या आधीच त्याने विचारलं, "दादा, हिला मोटर बसेल का? पेट्रोल परवडत नाही."

"बसेल की," मी बोलून गेलो. मग जीभ चावली. खरं तर मला माहीत नव्हतं. "दोन दिवस दे," म्हटलं आणि वाचायला बसलो.

गंमत बघा, सायकलच्या चाकातली मोटर ही काही आजची कल्पना नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टनला तिचं पेटंट मिळालं १८९५ साली! मोटर मागच्या चाकात, बॅटरी फ्रेममध्ये टांगलेली. आजच्या किटची मांडणीही साधारण हीच. अडचण होती ती जड बॅटरीची. हलकी लिथियम-आयन बॅटरी बाजारात यायला १९९१ उजाडलं.

घडीच्या सायकलची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी दुमडणारी सायकल बनवली. चाकं मोठीच, फक्त फ्रेम मधून दुमडायची. लहान चाकांना मान मिळवून दिला तो अ‍ॅलेक्स मोल्टनने. सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा तो सायकलकडे वळला आणि १९६२ साली त्याने सोळा इंची चाकांची सायकल आणली. ती दुमडत नव्हती, पण लहान चाकंही पळू शकतात हे तिने दाखवलं. पुढे १९७३ चं तेलसंकट आलं. कॅलिफोर्नियात लेझरवर काम करणारे डेव्हिड हॉन घडीच्या सायकलकडे वळले आणि १९८२ मध्ये त्यांची 'डाहोन' कंपनी उभी राहिली. लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये 'ब्रॉम्प्टन' घडवली.

लक्षात आलं का? पेट्रोल अडलं की माणसाला सायकल आठवते. माझ्या दारातला तो मुलगा त्याच रांगेत उभा होता.

आता मुद्द्याचं. चाक लहान असलं की त्याच मोटरचा रेटा जास्त मिळतो, चढावर फायदा होतो. वेग मात्र कमी पडतो, म्हणून मोटर लहान चाकासाठीच बनवलेली लागते. दुसरी गोष्ट मापाची. नेहमीच्या सायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये १०० मिलिमीटर जागा असते. ब्रॉम्प्टनमध्ये आणि घडीच्या बऱ्याच सायकलींमध्ये फक्त ७४. बाजारातली कुठलीही मोटर उचलून बसवता येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मोटर चाक पुढे ढकलते, तेव्हा तिचा आस उलट्या दिशेने फिरू बघतो. तो पीळ फोर्कच्या खाचा सोसतात. लोखंडी फोर्क शक्यतो आधी वाकतो, अ‍ॅल्युमिनियमचा सरळ तुटू शकतो. पुढचं चाक निसटलं की माणूस तोंडावर आपटतो. ब्रॉम्प्टनने स्वतःची इलेक्ट्रिक सायकल आणली तेव्हा मोटर पुढच्या चाकात घातली, पण त्यामागे कारखान्यातली चाचणी होती. माझ्या गॅलरीत होता फक्त पाना.

मी फोर्कला चुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही. मग मधला सांधा घट्ट बंद करून फ्रेम हलवली. किंचित खेळत होता! स्टेशनपर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये मला ते कधी जाणवलंच नव्हतं. हा तर पाठीवर पार्सलची पेटी घेऊन दिवसभर चालवणार, वर मोटर-बॅटरीचं चार-पाच किलो ओझं.

फोन केला. "अरे, ही घेऊ नकोस. मोटरच लावायची तर लोखंडी फोर्कची साधी सायकल बघ. किट २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेव, म्हणजे लायसन्सची कटकट नाही. आणि आस फिरू नये म्हणून टॉर्क आर्म बसवून घे."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "दादा, विकणारा असं सांगत नाही कधी."

सायकल अजून गॅलरीतच आहे. जाहिरातीत दोन ओळी वाढवल्यात: सांधा दुरुस्त करावा लागेल. मोटर बसवू नये.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर आपापल्या सायकलचा सांधा एकदा हलवून बघाच!