संरक्षकाच्या कचेरीतला दाखला

परमुलखात अटकेत पडलेल्या माणसाला त्याच्या सरकारने हात द्यावा, हे आज आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु 'संरक्षक' हे पद आणि प्रत्यक्ष संरक्षण यांत केवढे अंतर पडू शकते, हे पाहावयाचे असेल तर आपण मॉरिशसच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला आले. पुढे ही संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. त्यांच्यासाठी सरकारने बेटावर संरक्षक नेमला. मात्र गिरमिटाची मुदत संपलेला मजूर स्वतंत्रपणे पोट भरू लागला, तर उसाच्या मळ्यांना स्वस्त हात मिळणार कोठून? १८६७ च्या कायद्यान्वये अशा मजुराने छायाचित्राचा दाखला व पोलिसांचा पास सदैव जवळ बाळगावयाचा होता. तो नसला की माणूस 'उनाड' ठरे आणि त्याची रवानगी ग्रँड रिव्हरच्या कोंडवाड्यात होऊ शके. हा दाखला देणारे खाते संरक्षकाचेच! अटकेच्या धास्तीने पुष्कळांना पुन्हा गिरमीट पत्करणे सोयीचे वाटे.

१८७१ साली आडॉल्फ द प्लेव्हित्स या मळेवाल्याच्या पुढाकाराने ९,४०१ मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. मळेवाले खवळले, द प्लेव्हित्सला मार खावा लागला. पण राणीच्या सरकारला चौकशीमंडळ नेमावे लागले. त्याच्या १८७५ च्या अहवालाने या जाचाचे वाभाडे काढले आणि १८७८ साली नवा मजूर कायदा झाला. आमच्या मते या प्रकरणाचा बोध असा, की कचेरी पूर्वीपासून होती. ती हलली ती पीडितांचे गाऱ्हाणे वरपर्यंत पोहोचल्यावर.

आज साधने अधिक आहेत. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशात अटक झालेल्याने मागणी केल्यास त्याच्या वकिलातीला वर्दी द्यावी लागते. भारत सरकारने २००९ साली उभारलेल्या कल्याण निधीतून अडचणीतील भारतीयांना वकील, किरकोळ दंडाची रक्कम आणि परतीचे तिकीट देता येते. परंतु वर्दी मागता येते, हे त्या कोठडीतल्या मजुराला कोणी सांगितले आहे काय? गाव सोडण्यापूर्वीच, त्याच्या भाषेत, ते त्याला सांगणे हे सरकारचे काम आहे. आणि सरकारकडून ते करवून घेणे, हे आपणां नागरिकांचे.